कुत्र्यांचा पार्व्हो आला कुठून : वंशवृक्ष मांडताना ठेवलेल्या नोंदी

७ जून

कुत्र्यांमधला पार्व्हो विषाणू १९७८ मध्ये एकाएकी जगभर दिसू लागला आणि तो मांजरांच्या पॅनल्युकोपेनिया विषाणूच्या कुळातून निघाला, हे आता पक्के मानले जाते. उत्तर ठाऊक असलेला विषय मुद्दाम निवडला आहे. सार्वजनिक साठ्यातले जनुकीय क्रम आणि घरचा एक संगणक एवढ्या भांडवलावर तेच उत्तर आपल्या हाताने निघते का, हे पाहायचे आहे, आणि उत्तर आधी माहीत असले की आपण कुठे घसरलो हे लवकर समजते, असा माझा हिशेब आहे.

या विषाणूचा जीनोम, म्हणजे त्याचा सगळा जनुकीय मजकूर, एकपदरी डीएनएचा, सुमारे ५,००० बेसचा (अक्षरांचा) असतो. मी त्यातला फक्त व्हीपी२ हा कवचाच्या प्रथिनाचा भाग घेतला, कारण जुन्या नमुन्यांचा पुष्कळदा तेवढाच क्रम उपलब्ध असतो आणि कुत्रा की मांजर हे ठरवणारे महत्त्वाचे बदलही त्यातच आहेत. त्याची लांबी १,७५५ बेस, म्हणजे ५८४ अमिनो आम्ले (प्रत्येकाला तीन अक्षरांचा एक कोडॉन) आणि प्रथिन इथे संपले असे सांगणारा शेवटचा थांबा-कोडॉन. जेनबँक या सार्वजनिक साठ्यात ‘कॅनाइन पार्व्होव्हायरस’ आणि ‘फेलाइन पॅनल्युकोपेनिया’ असा शोध घेऊन १,७०० बेसपेक्षा लांब असलेले सगळे उतरवून घेतले.

८ जून

पहिला कच्चा वृक्ष पाहून हसू आले. एका टोकाला पाचसहा नमुन्यांचा झुपका इतक्या लांब फांदीवर जाऊन बसला होता की बाकीचा सगळा वृक्ष चिरडून एका जाड रेघेएवढा झाला होता. ते नमुने १९६७ मध्ये सापडलेल्या कॅनाइन मिनिट व्हायरसचे निघाले. त्याला कुत्र्यांचा पार्व्हो ‘प्रकार १’ असेही म्हणतात, म्हणून तर १९७८ च्या विषाणूला ‘प्रकार २’ हे नाव पडले. पण दोघांची प्रजाती वेगळी, इतकेच काय तर वंशही वेगळा, आणि नावापलीकडे त्यांचे जवळचे नाते नाही. बोलीतल्या नावाने शोध घेण्याची ही शिक्षा होती. पुन्हा शोध घेताना प्रोटोपार्व्होव्हायरस कार्निव्होरन १ हे वर्गीकरणातले नाव दिले आणि तो झुपका आपोआप गळाला. एक दिवस गेला.

१२ जून

क्रमजुळणी, म्हणजे सगळे क्रम एकाखाली एक नेमके बसवणे, मॅफ्ट या प्रोग्रॅमने केली. कुत्र्यांच्या आणि मांजरांच्या या विषाणूंचा व्हीपी२ जवळजवळ सारख्याच लांबीचा असतो, त्यामुळे जुळणीत मोकळ्या जागा पडायलाच नकोत. १,७५५ स्तंभ यायला हवेत आणि तेवढेच यायला हवेत. माझ्या जुळणीत दोन हजारांहून अधिक आले. जुळणी दाखवणाऱ्या अलीव्ह्यूमध्ये उघडून वरून खाली नजर फिरवली तेव्हा एक ओळ इतर सगळ्यांशी फटकून वागताना दिसली: तिची अक्षरे कुठेच बसत नव्हती आणि ती बसवण्यासाठी मॅफ्टने शेजारच्या ओळींत डॅशचे पट्टे घातले होते. तो क्रम उलट्या बाजूने जमा झालेला होता. दिशा तपासून उलटवण्याचा पर्याय मॅफ्टमध्ये आहे. तो मी सुरू केलाच नव्हता.

तरीही तीन स्तंभ जास्तच राहिले. प्रत्येकात एकाच नमुन्याचे एकच जास्तीचे अक्षर होते, आणि त्या अक्षरापासून पुढे त्या नमुन्याच्या प्रथिनाचे वाचन पूर्ण बिघडत होते. जिवंत विषाणूचे कवच असल्या वाचनातून तयार होऊ शकत नाही, म्हणजे ही क्रम वाचतानाची चूक. असे तीनही नमुने काढून टाकले. जे हे काम करणार असतील त्यांना एवढेच सांगते की जुळणी झाली की ती अमिनो आम्लांत बदलून एकदा डोळ्यांखालून घालावी. मधेच थांबा-कोडॉन दिसला की तो नमुना संशयित धरावा.

१५ जून

तारखांचा दिवस. आण्विक घड्याळ लावायचे, म्हणजे साठलेल्या बदलांवरून काळ मोजायचा, तर प्रत्येक नमुना प्राण्यापासून केव्हा घेतला ते माहीत असावे लागते. मी पहिल्या झटक्यात नोंदीच्या वरच्या ओळीतली तारीख उचलली. ती नोंद साठ्यात शेवटची कधी बदलली त्याची तारीख असते, नमुन्याची नव्हे. त्यामुळे १९७९ चा नमुना चक्क या शतकात येऊन बसला. नमुना गोळा केल्याची तारीख वेगळ्या रकान्यात असते आणि जुन्या नोंदींत तो रकाना बहुधा रिकामाच असतो. तिथे मूळ शोधनिबंध उघडून तक्त्यातून वर्ष काढावे लागले. या एका कामाला तीन संध्याकाळी लागल्या आणि ज्यांचे वर्ष कुठेच सापडले नाही असे एकोणीस नमुने सोडून द्यावे लागले.

मग स्प्रेडशीटने खोडी काढली. काही रकाने तारखेच्या स्वरूपात होते आणि त्यांत मी नुसते वर्ष लिहिले. स्प्रेडशीटच्या दृष्टीने १९८४ हे वर्ष नसून १९०० च्या आरंभापासूनचा १९८४ वा दिवस असतो, म्हणून तिने तो नमुना ६ जून १९०५ ला नेऊन ठेवला. गंमत अशी की १९७८ ते २०२० ही सगळी वर्षे या हिशेबाने १९०५ च्या मे अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंतच्या सहा आठवड्यांत मावतात. माझ्या यादीतल्या निम्म्या कुत्र्यांना पार्व्होच्या उदयाआधी सत्तर वर्षे पार्व्हो झाला होता. आता तारखा साध्या मजकुराच्या फाइलीत ठेवते, आणि नुसते वर्ष माहीत असेल तिथे वर्षाचा मध्य धरते.

२१ जून

आयक्यू-ट्री या प्रोग्रॅमने वृक्ष बांधला. बदलांचे प्रतिमान त्यानेच निवडले आणि फांद्यांची खात्री तपासण्यासाठी १,००० बूटस्ट्रॅप घेतले, म्हणजे जुळणीतले स्तंभ पुन:पुन्हा यदृच्छया निवडून तीच फांदी शेकडा किती वेळा येते ते पाहिले. मांजरांचा गट आणि कुत्र्यांचा गट स्वच्छ वेगळे झाले, त्यामुळे मला वाटले की अवघड भाग संपला.

टेम्पएस्ट या प्रोग्रॅममध्ये कुत्र्यांच्या गटाचा आलेख काढला. त्यात आडव्या अक्षावर नमुन्याचे वर्ष आणि उभ्या अक्षावर मुळापासूनचे जनुकीय अंतर असते. विषाणू ठरावीक गतीने बदलत असेल तर ठिपक्यांतून चढती रेघ निघते. माझी रेघ जवळजवळ सपाट होती. खालच्या उजव्या कोपऱ्यात दहाबारा ठिपक्यांचा एक घोळका होता: वर्ष अलीकडचे आणि अंतर मात्र १९७८ च्या नमुन्यांइतके.

या विषाणूचा प्रकाशित वेग दर जागेला दर वर्षी दहा हजारांत एक ते दोन बदल असा आहे. १,७५५ जागांना तो लावला तर एका वंशरेषेत तीन ते सहा वर्षांतून एखादा बदल होतो, म्हणजे तीस वर्षांत पाच ते दहा बदल साठायला हवेत. या घोळक्यात एकही साठला नव्हता. नोंदी एकेक उघडल्यावर उलगडा झाला. काही सरळ लशींचे वाण होते, ज्यांचे पूर्वज सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस वेगळे काढले गेले आणि तेव्हापासून प्रयोगशाळेतच राहिले. त्यांना तारीख मात्र लशीची कुपी उघडून क्रम वाचला त्या वर्षाची होती. काही नमुने कुत्र्याच्या विष्ठेतले असूनही लशीच्या वाणाशी अक्षरशः जुळत होते. नुकतीच जिवंत लस टोचलेल्या पिल्लाच्या विष्ठेतून लशीचा विषाणू बाहेर पडतो, आणि नोंद करणाऱ्याने तो रोगाचा नमुना म्हणून जमा केलेला असू शकतो. शिवाय दोन नमुने प्रयोगशाळेत मुद्दाम बदल घालून बनवलेले होते. हे सगळे काढल्यावर रेघ उभी राहिली.

इथे एक कबुली द्यायला हवी. रेघ सपाट आली म्हणून मी नोंदी उघडल्या. ती चढती आली असती तर तशीच पुढे गेले असते. उत्तर आधी ठाऊक असण्याचा हा तोटा पहिल्या दिवशी माझ्या ध्यानात आला नव्हता.

२४ जून

वृक्षाला मूळ द्यायचे म्हणून बाहेरचा नातलग हवा होता, आणि डुकरांचा पार्व्होव्हायरस त्याच वंशातला म्हणून घेतला. तो इतका दूरचा निघाला की त्याची फांदी नेमकी कुठे जोडायची हे वृक्षालाच ठरवता येईना. एकदा मूळ मांजरांच्या गटात पडले, एकदा मिंक या फरसाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्याच्या नमुन्यांपाशी, आणि कोणत्याही जागेला शेकडा ९५ च्या जवळपासही बूटस्ट्रॅपचा आधार मिळाला नाही. नातलग फार लांबचा असला की काहीच न सांगितल्यापेक्षा वाईट, कारण तो काहीतरी सांगतोच. त्याला निरोप दिला. मूळ कुठे ते घड्याळाचे प्रतिमानच ठरवील.

२८ जून

पुनःसंयोगाची, म्हणजे दोन विषाणूंचे तुकडे एकत्र जुळल्याची, तपासणी केली. दोन नमुन्यांचा पुढचा भाग मांजरांच्या विषाणूसारखा आणि मागचा कुत्र्यांच्या विषाणूसारखा निघाला. निसर्गात असे घडल्याच्या नोंदी आहेत, पण एकाच प्राण्यात दोन विषाणू असताना क्रम जोडतानाही असेच दिसते. कारण कोणतेही असो, अशा नमुन्याला दोन पूर्वज असतात आणि वृक्ष त्याला एकच देतो. दोन्ही वगळले.

३ जुलै

बीस्ट या प्रोग्रॅमची साखळी सुरू केली; तो वृक्ष आणि तारखा थोड्याथोड्या बदलत लाखो पावले चालतो आणि त्यांतून गाठींची वये काढतो. मांजरांचा विषाणू कुत्र्यांच्या विषाणूपेक्षा संथपणे बदलतो, त्यामुळे सगळ्यांना एकच ठोका देणारे घड्याळ न घेता फांदीगणिक वेग बदलू देणारे शिथिल घड्याळ घेतले. रात्री लावून झोपले. पहाटे दोनच्या सुमारास संगणकही झोपला, कारण वीज वाचवण्याची मांडणी मी बदलली नव्हती. बीस्ट थांबलेल्या जागेवरून पुढे चालू करता येते, पण त्यासाठी लागणारी स्थितीची फाइल मी सकाळी ‘जुना कचरा’ समजून आधीच पुसली होती. पुन्हा पहिल्यापासून.

६ जुलै

साखळी पूर्ण झाली. साखळी तपासणाऱ्या ट्रेसरमध्ये पाहिले तर मुळाच्या वयाचा परिणामकारक नमुना-आकार, म्हणजे साखळीतल्या खऱ्या अर्थाने स्वतंत्र नोंदींची संख्या, ६० च्या आसपास होता. २०० च्या खाली असेल तर आकड्यावर विसंबू नये असा प्रघात आहे. आलेखही डोंगराळ होता, केसाळ सुरवंटासारखा नव्हता. साखळीची लांबी चौपट केली आणि वेगळ्या सुरुवातीच्या दोन स्वतंत्र साखळ्या लावल्या. प्रत्येकीला दीड दिवस लागला.

९ जुलै

दोन्ही साखळ्या एकमेकींशी जुळल्या. कुत्र्यांच्या सगळ्या नमुन्यांचा सामाईक पूर्वज १९७० च्या आसपास येतो आणि ९५ टक्क्यांचा पट्टा साठीच्या दशकाच्या सुरुवातीपासून सत्तरीच्या मध्यापर्यंत पसरतो. प्रकाशित अंदाजांशी हे बसते.

त्याच दिवशी मी एक मोठी चूक केली आणि ती बोलूनही दाखवली. या कामात रस असलेल्या एका स्नेह्याला मी कळवले की विषाणूने कुत्र्यात उडी मारली ती १९७० ला. त्याने विचारले, ‘‘ही तारीख कुठल्या गाठीची?’’ वृक्षाकडे पुन्हा पाहिले आणि शरमले. त्यात दोन गाठी, म्हणजे फांद्या फुटण्याच्या जागा, आहेत. एक वरची, जिथे कुत्र्यांचा गट मांजरांच्या गटापासून फुटतो; माझ्या साखळीत तिचा पट्टा अनेक दशकांचा आहे. दुसरी खालची, जिथून कुत्र्यांचे सगळे नमुने निघतात. या दोन गाठींच्या मधली फांदी लांब आणि पूर्ण उघडी आहे, तिच्यावर एकही नमुना नाही. प्राणी बदलण्याची घटना त्या फांदीवर कुठेतरी घडली, एवढेच वृक्ष सांगतो. खालची गाठ म्हणजे आज हाती असलेल्या नमुन्यांचा पूर्वज केव्हा होता याचे उत्तर. तो पूर्वज कुत्र्यातच होता की आणखी कुठल्या मांसाहारी प्राण्यात, याबद्दल ती गाठ मुकी आहे.

त्या उघड्या फांदीवर व्हीपी२ मधले सहा बदल एकत्र बसलेले दिसतात: अमिनो आम्लांच्या जागा ८०, ९३, १०३, ३२३, ५६४ आणि ५६८. त्यांतले ९३ आणि ३२३ हे निर्णायक. ९३ व्या जागी लायसीनचे अस्पराजीन झाले आणि ३२३ व्या जागी ॲस्पार्टिक आम्लाचे अस्पराजीन झाले. विषाणू पेशीत शिरतो तो पेशीच्या पृष्ठभागावरच्या ट्रान्सफेरिन ग्राहक या प्रथिनाला धरून. कुत्र्याच्या ग्राहकावर साखरेची एक जास्तीची साखळी असते आणि ती मांजरांच्या विषाणूला चिकटू देत नाही. ही अडचण या बदलांनी दूर झाली. पण सहांपैकी आधी कोणता आणि नंतर कोणता, हे माझ्या वृक्षातून निघणे शक्य नाही, कारण मधल्या पायरीचा एकही साक्षीदार नाही.

तारीख आवळायची तर वृक्षाबाहेर जावे लागते. कुत्र्यांच्या साठवून ठेवलेल्या जुन्या रक्तद्रवांची नंतर तपासणी झाली तेव्हा युरोपात सत्तरीच्या दशकाच्या मध्याच्या नमुन्यांत या विषाणूविरुद्धची प्रतिद्रव्ये सापडली. स्नेह्याला दुरुस्तीचे पत्र धाडले.

१३ जुलै

१९७८ चा मूळ प्रकार दोनतीन वर्षांतच मागे पडला आणि २ए या प्रकाराने त्याची जागा जगभर घेतली. माझ्या वृक्षात २ए कडे जाणाऱ्या एकाच फांदीवर चार बदल होते: जागा ८७, १०१, ३०० आणि ३०५. चार बदल एका दमात, तेही इतक्या थोड्या वर्षांत, हे मला खटकत होते. तीन ते सहा वर्षांतून एक हा हिशेब इथे मोडत होता.

कारण माझ्याच चाळणीत होते. पहिल्या दिवशी मी यजमान ‘कुत्रा’ किंवा ‘मांजर’ असलेलेच नमुने ठेवले होते आणि पुढे मिंकचे घेतले. रॅकूनचे नमुने मात्र ‘विषयाबाहेरचे’ म्हणून गाळले होते. विषाणुशास्त्रज्ञ कॉलिन पॅरिश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रॅकूनमधले विषाणू मूळ प्रकार आणि २ए यांच्या मधल्या पायऱ्यांवर बसतात हे दाखवलेले आहे, आणि ते मी वाचलेलेही होते. गाळलेले नमुने परत घातले आणि पुन्हा दीड दिवस साखळी चालवली. ती एक फांदी तुटून तिच्यावर मधे गाठी उगवल्या, चारपैकी काही बदल आलेले आणि काही न आलेले असे नमुने त्या गाठींना लटकले. ३०० व्या जागेकडे पाहिले की हे डोळ्यांना दिसते: कुत्र्यांच्या मूळ प्रकारात ॲलनीन, २ए मध्ये ग्लायसीन आणि रॅकूनच्या नमुन्यांत ॲस्पार्टिक आम्ल. ज्याला मी कुत्र्याकडून कुत्र्याकडे गेलेली सरळ रेघ समजत होते तिचा एक तुकडा दुसऱ्याच प्राण्यातून गेलेला असण्याची शक्यता आता नाकारता येत नाही. मूळ प्रकार मांजरात वाढत नव्हता आणि २ए पुन्हा वाढू लागला, याकडेही आता वेगळ्या नजरेने पाहावे लागते.

१८ जुलै

तारखा पिसण्याची चाचणी घेतली. नमुन्यांच्या तारखा आपसात अदलाबदल करून दहा वेळा साखळी चालवायची. खऱ्या तारखांचे उत्तर पिसलेल्या तारखांच्या उत्तरांपासून स्पष्टपणे वेगळे पडले तरच घड्याळ खरे. लहान साखळ्या घेतल्या तरी चार दिवस संगणक अडकून होता. दहांपैकी एकाही फेरीचा वेगाचा पट्टा खऱ्या पट्ट्यावर आला नाही. कुतूहल म्हणून लशींचे वाण परत घालून एक फेरी केली, तर सामाईक पूर्वज कित्येक दशके मागे सरकला, वेग निम्म्याखाली आला, आणि ट्रेसरमध्ये सगळे आकडे २०० च्या वर, आलेखही गुळगुळीत. चुकीच्या उत्तराची प्रकृती बरोबर उत्तराइतकीच ठणठणीत होती.

२२ जुलै

शेवटचे काम म्हणून वृक्षाची पाने ४२६ व्या जागेप्रमाणे रंगवली. २ए मध्ये इथे अस्पराजीन असते, २बी मध्ये ॲस्पार्टिक आम्ल आणि २०००च्या सुमारास इटलीत प्रथम ओळखलेल्या २सी मध्ये ग्लुटामिक आम्ल. तीन रंगांचे तीन स्वच्छ झुपके दिसतील अशी माझी कल्पना होती, पण रंग एकमेकांत मिसळलेले निघाले. हा बदल वेगवेगळ्या फांद्यांवर पुन:पुन्हा झालेला आहे, म्हणजे २ए, २बी, २सी ही नावे एका जागेवरचे अक्षर सांगतात. नाते सांगत नाहीत. मी सुरुवातीला नमुन्यांचे गट याच नावांनी पाडून ठेवले होते, ते मोडले.

कोडॉनच्या पातळीवर मात्र क्रम लागतो. एएटीपासून जीएटी एका बदलात होतो, जीएटीपासून जीएए आणखी एका बदलात, आणि वृक्षात जीएए बहुतेक ठिकाणी जीएटीच्या पोटातूनच निघालेला दिसतो. एका नमुन्यात या कोडॉनचे पहिले अक्षर ‘आर’ असे नोंदलेले आहे, म्हणजे तिथे ए आणि जी दोन्ही वाचले गेले. एकाच कुत्र्यात दोन विषाणू होते की एकच विषाणू बदलताना पकडला गेला, हे नोंदीवरून ठरत नाही. ते पान मी करडे ठेवले आहे.